वादळ येतंय, माझी माणसं कुठं आहेत?

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका बचत गटाच्या बायका. आमच्यात कोळणी आहेत, सुपारीच्या वाडीत काम करणाऱ्या आहेत, नवरा आखातात आणि स्वतः सासू-सासऱ्यांजवळ अशाही आहेत. आज वादळाबद्दल बोलायचं आहे. पण कौलं, पत्रे, पंचनामा याबद्दल नाही. वादळ येणार असं कानावर पडल्यापासून घरातलं शेवटचं माणूस सुखरूप असल्याचं कळेपर्यंत बाईच्या जिवाला जो घोर लागतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

हा घोर कुणी फार मनावर घेत नाही. “तू उगाच काळजी करतेस” असं म्हणून पुरुष मोकळे होतात. पण घरातल्या कुणालाही विचारून बघा, की या घडीला आपलं कोण कुठं आहे? थोरला बोटीवर, धाकटा विरारला भाड्याच्या खोलीत, लेक दापोलीकडे दिलेली आणि तिला सातवा महिना, आई माहेरी एकटी, तिच्या घराच्या मागे वाकलेला माड. हे सगळं एका दमात फक्त बाई सांगू शकते. तिच्या डोक्यात ही यादी कायम चालू असते. आम्ही आमच्या गटात एवढंच केलं, की ही यादी डोक्यातून कागदावर आणली. का आणली, ते सांगतो.

३ जून २०२० हा दिवस आमच्या भागात कुणी विसरणार नाही. त्या दिवशी भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा आणि खाली मंडणगड, दापोलीपर्यंत त्यानं झोडपलं. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे किती वर्षांचं उत्पन्न एका दुपारी गेलं ते तुमच्या लक्षात येईल.

त्यात ते करोनाचे दिवस. एसटी बंद, रेल्वे बंद. मुंबईची काही मुलं गावी येऊन पोचली होती आणि शाळेच्या खोल्यांत चौदा दिवसांसाठी वेगळी राहिली होती. काही मुंबईतच अडकली होती. आता वादळासाठी लोकांना हलवायचं, तर हलवायचं कुठं? त्याच शाळेत. म्हणजे वाऱ्यापासून वाचायचं तर आजाराची भीती, आणि आजारापासून लांब राहायचं तर घराचं छप्पर जायची भीती. आमच्यातल्या एकीचा मुलगा शाळेच्या एका खोलीत होता आणि ती दुसऱ्या खोलीत. मधे एक भिंत. वारा घोंघावत होता आणि मायलेक भिंतीवर हात आपटून एकमेकांना “आहे, आहे” असं कळवत होते.

वादळ संध्याकाळपर्यंत निघून गेलं. खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. वीज गेली, फोनचे मनोरे बंद पडले, रस्त्यांवर झाडं पडली. कित्येक गावांत वीज यायला आठवड्यामागून आठवडे गेले. आम्ही इथं जिवंत होतो, पण हे आमच्या माणसांना कळणार कसं? विरारचा मुलगा टीव्हीवर उडणारे पत्रे बघत होता. कुवेतला असलेला नवरा रात्रभर नंबर फिरवत होता. आपल्याला बाहेरच्यांची काळजी असते, पण बाहेरच्यांची आपल्यासाठी काय अवस्था होते, ते आम्हाला पुढे त्यांच्या तोंडून कळलं. त्यांच्या डोळ्यांसमोर बातम्या होत्या, आणि आमच्याकडून आवाज नाही.

तेव्हा गावातला एक मुलगा म्हणाला, की जिथं फोन लागेल तिथंपर्यंत मी मोटारसायकलनं जाऊन येतो. झाडं तोडत, वळसे घेत जायचं होतं. आम्ही शाळेच्या वहीचं पान फाडलं आणि घरोघर फिरून नंबर लिहून घेतले. आता कुणालाच स्वतःच्या मुलाचा नंबर पाठ नाही, सगळं फोनमधे, आणि फोन चार्जिंगविना मेलेले. ज्या सासूबाईंनी भिंतीवर कोळशानं नंबर लिहून ठेवला होता आणि सून त्यावरून चिडायची, त्यांच्याच घरचा नंबर सगळ्यात आधी मिळाला. तो मुलगा दिवसभरानं परत आला. त्यानं प्रत्येक नंबरावर एकच वाक्य सांगितलं होतं: “तुमच्या घरचे सगळे जिवंत आहेत, घराचं नंतर बघू.” उलटे निरोपही त्यानं त्याच पानाच्या मागे लिहून आणले होते. “मी बरा आहे.” “आईला गोळ्या वेळेवर द्या.” “लेकीला त्रास नाही, काळजी नको.” ते पान आम्ही अंगणात उभ्या राहून वाचलं. वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती आणि त्या वर्षी वडाभोवती सूत गुंडाळायला जागा नव्हती, एवढ्या फांद्या पडल्या होत्या. पण त्या पानानं जीव थाऱ्यावर आला.

त्या पानाची पुढे आम्ही वही केली. तिला आम्ही निरोपाची वही म्हणतो. प्रत्येक घराला एक पान. घरात कोण कोण, बाहेर कोण आणि कुठं, त्यांचे नंबर, कुणाला कसलं औषध चालू आहे, कोण बाळंतपणाला टेकली आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल. आणि प्रत्येक घरानं लांबचा एक नातेवाईक ठरवायचा, किनाऱ्यापासून दूर राहणारा. कुणाचा पुण्याचा भाऊ, कुणाची साताऱ्याची नणंद. वादळानंतर ज्याला जिथून जमेल त्यानं त्या एकाच माणसाला कळवायचं. वीस जणांनी एकमेकांना फोन लावत बसण्यापेक्षा सगळ्यांची ख्यालीखुशाली त्या एका ठिकाणी गोळा होते. फोनवर बोलणं होत नसेल तेव्हाही छोटा मेसेज पुष्कळदा जातो. म्हणून “आम्ही बरे” एवढाच मेसेज पाठवायचा आणि बॅटरी वाचवायची.

आता वेळेचा हिशेब सांगतो. हवामान खातं चक्रीवादळाचा इशारा टप्प्याटप्प्यानं देतं. सावधानतेचा इशारा किनाऱ्यावर वाईट हवामान सुरू व्हायच्या निदान ४८ तास आधी, पुढचा साधारण २४ तास आधी. आम्ही हे तास कामांना वाटून दिले आहेत.

४८ तास म्हणजे फोन करायचे तास. वही काढायची आणि एकेका पानावरच्या माणसाशी बोलून घ्यायचं. कुठं आहेस, कुणाबरोबर आहेस, घर पक्कं आहे का, नसेल तर कुठं जाशील. “सांभाळून राहा” एवढं बोलून फोन ठेवायचा नाही. कुठं जाणार ते वदवून घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. म्हणजे नंतर फोन लागला नाही, तरी तो अमक्याच्या पक्क्या घरात आहे हे आपल्याला ठाऊक असतं. त्या एका माहितीनं रात्र काढता येते.

२४ तास म्हणजे हलायचे तास. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. औषधं, पाणी, कोरडं खाणं, बॅटरी, सेलवर चालणारा रेडिओ. गुरं दाव्याला बांधून ठेवायची नाहीत, मोकळी सोडायची. गॅस बंद, विजेचं मुख्य बटण बंद. पोटुशी बाई आणि अंथरुणावरचं माणूस सगळ्यात आधी हलवायचं, अंधार पडायच्या आत. कोकणात आपण पावसाआधी आगोट भरतोच. त्यात ही एक पिशवी वाढवली, की झालं.

वारा सुरू झाला की मग कुणी कुणाला शोधायला बाहेर पडायचं नाही. हे सगळ्यात अवघड. आईचा पाय घरात ठरत नाही. पण वादळातला उडता पत्रा कुणाला ओळखत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. वादळाचा मधला भाग डोक्यावर आला, की वारा एकदम पडतो, कधी आभाळही उघडतं. लोकांना वाटतं, गेलं वादळ. तसं नसतं. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं तेवढ्याच जोरानं येतो. त्या शांततेत मुलाला बघायला, गुरांना बघायला धावू नका. वादळ संपलं असं रेडिओवर किंवा गावच्या यंत्रणेकडून कळेपर्यंत आत थांबा.

घरोघरचा एक प्रश्न म्हणजे म्हातारी माणसं. “ह्या घरात आले, ह्याच घरातून जाईन,” असं म्हणून सासूबाई ओटीवर बसून राहतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. आमच्या शेजारणीनं देव्हाऱ्यातले देव परडीत घेतले आणि म्हणाली, “मी देवांना घेऊन शाळेत जाते. तिथं त्यांची पूजा कोण करणार, मला तर मंत्र येत नाहीत.” सासूबाई पदर खोचून उठल्या. एका आजोबांना त्यांच्या गाईचं वासरू आधी हलवल्यावर हलवता आलं. माणूस घराच्या कुठल्या दोऱ्यानं बांधलेलं आहे, ते घरातल्या बाईला माहीत असतं. तो दोरा हातात घ्या.

आता कोळणींसाठी. आमच्यातल्या जुन्या बायका २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयानची आठवण काढतात. मासेमारीचे दिवस, बोटी समुद्रात, आणि वादळ आलं. कोकणातले कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. किनाऱ्यावर बायका दिवसच्या दिवस उभ्या होत्या. म्हणून बंदरावरच्या बावट्याकडे लक्ष ठेवणं हे फक्त तांडेलाचं काम नाही. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. डिझेल भरलं आहे, बर्फ घेतला आहे, कर्जाचा हप्ता आहे, म्हणून बोट सोडायचा मोह होतो. तो आम्हाला कळतो, कारण तो हप्ता आमच्याही डोक्यावर असतो. आमच्या गटानं ठरवलं, की इशाऱ्यामुळे बोट परत आणली आणि फेरी वाया गेली, तर त्या घराचा गटाचा त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायचा. बुडालेली फेरी भरून काढता येते.

बोटीवर परगावचे खलाशी असतात. त्यांच्याही आयांचे नंबर आम्ही वहीत लिहितो. आपला माणूस किनाऱ्याला लागल्यावर आपल्याला कळतं. त्या बाईला लांब कुठंतरी कोण सांगणार? समुद्रात बोट अडचणीत असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. जमिनीवर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२. हे तिन्ही वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकत गुजरातेत गेलं. मुंबईच्या समुद्रात तेलाच्या कामावरची ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली आणि कितीतरी माणसं गेली. त्या दिवसांत ज्यांची मुलं समुद्रावर कामाला आहेत, त्यांचं बघायला नको. त्यात फोनवर नको नको ते व्हिडिओ यायला लागले. कुठलं गाव, कुठलं वर्ष, कशाचा पत्ता नाही. आम्ही गटात एक नियम केला. स्वतः पाहिलं आहे किंवा रेडिओवर ऐकलं आहे, तेवढंच पुढे सांगायचं. “अमक्याची बोट गेली म्हणे” असं वाक्य कुणाच्याही अंगणात बोलायचं नाही.

आणि ज्या बाईच्या माणसाचा पत्ता नाही, तिला एकटं सोडायचं नाही. “काही होणार नाही” असं म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. तिच्याजवळ बसायचं, तिची चूल पेटवायची, तिच्या पोरांना जेवू घालायचं, दर तासाला कुणीतरी नंबर लावून बघायचा आणि लागला नाही, तर लागला नाही असं खरं सांगायचं. तौक्तेच्या त्या रात्री आम्ही आठजणी एकाच घरात होतो. तांदूळ निवडत होतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा पहाटे मेसेजवर सापडला. तोवर दोन पायल्या तांदूळ निवडून झाले होते.

मैत्रिणींनो, अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम असतात. एक पावसाच्या तोंडावर, मे-जूनमधे, आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. वही करायला वादळाची वाट बघू नका. या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की एक शंभर पानी वही काढा. ज्या किनाऱ्यावर राहत नाहीत, त्यांनीही काढा. तुमचं कुणी ना कुणी किनाऱ्यावर असेलच, आणि त्यांच्यासाठी तो लांबचा एक नंबर तुमचाच असू शकतो.

पहिलं पान घरात सगळ्यात म्हातारी आहे तिचं लिहा. तिला विचारून लिहा. तिच्या यादीत तुम्हाला ठाऊक नसलेली दोन माणसं निघतील.