लेबलवरचं अक्षर फाटू नये म्हणून
(टेमघर येथे गटांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, कर्ज, परतफेड हे विषय आपण दर सभेला घेतो. आज मी लेबलवरच्या अक्षरांबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या वर्षी एका गटाच्या मसाल्याचं लेबल मी माझ्या मोबाइलवर तयार केलं. दिसायला झकास होतं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर छापखान्यात पाठवला आणि ५०० स्टिकर छापून घेतले. मसाल्याचं मोठं नाव ठीक आलं. पण खालचे घटक, वजन, पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, सगळं धुरकट. एका मावशींनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "पोरी, ह्यो आकडा तीन हाय का आठ?" मलाही सांगता येईना. हिंगावरचा अनुस्वार तर पुसूनच गेला होता. दुकानदाराने माल परत केला. मसाला चांगला होता, पण पैसे गेले ते गटाचे. छापखान्याला तरी काय बोलणार? मी दिलं तेच त्याने छापलं.

असं का झालं, ते समजून घेऊ. तुमच्यापैकी अनेकींनी मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने नाव भरलं असेल. लांबून ते छान दिसतं. जवळून पाहिलं की गोलाईच्या जागी पायऱ्या दिसतात. फोटोही असाच ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेला असतो. अशा चित्राला रास्टर म्हणतात. मोबाइलचा फोटो आणि फोटोशॉप हे सॉफ्टवेअर मुख्यतः याच पद्धतीचं.

दुसरी पद्धत ब्लाऊजच्या कटिंगसारखी. तिथे ठिपके मोजत नाहीत; रेघ कुठून निघाली, कुठे वळली, याचं माप असतं. माप वाढवलं तरी गळ्याचा गोल गोलच राहतो. याला व्हेक्टर म्हणतात. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर ही या पद्धतीची सॉफ्टवेअर. इंकस्केप हेही तसंच, आणि ते संगणकावर फुकट मिळतं.

आता थोडा हिशेब. चांगल्या छपाईसाठी साधारणपणे एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे ४ इंच रुंद लेबलला १,२०० ठिपके. तेच चित्र ६ फुटांच्या बॅनरवर ताणलं तर एका इंचाला जेमतेम १६-१७ ठिपके उरतात. मग अक्षर फाटणारच. बारीक अक्षराचं हाल याहून वाईट. २ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला मिळतात सुमारे २४ ठिपके, आणि त्यातच शिरोरेषा, वेलांटी, अनुस्वार, उकार बसवायचे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना चित्र लहान होतं, मग तेवढेही उरत नाहीत. आपल्या मराठीत अनुस्वार गेला की शब्दच बदलतो.

म्हणून लक्षात ठेवा: अक्षरं, आकडे आणि गटाचं चिन्ह व्हेक्टरमध्ये, पापडाचा, लोणच्याचा फोटो रास्टरमध्ये. दोन्ही एकाच लेबलवर चालतात. व्हेक्टर फाइलमध्ये फोटो आणून बसवायचा आणि मजकूर तिथेच टाइप करायचा.

व्हेक्टरमध्येही एक खोच आहे. आपण वापरलेला फॉण्ट छापखान्याच्या संगणकात नसेल तर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये तर मोबाइलवरचा मराठी मजकूर चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून शेवटी अक्षरांचं रूपांतर रेघांमध्ये करून घ्यायचं. छापखान्यात याला 'कर्व्ह करणं' म्हणतात. एकदा कर्व्ह केलं की शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा आधीची प्रत वेगळी जपून ठेवायची.

तायांनो, सॉफ्टवेअर तुम्ही शिकलंच पाहिजे असं नाही. काम देताना एवढं मात्र करा:

१. "मजकूर व्हेक्टरमध्ये करणार ना?" असं आधीच विचारा.

२. फाइल पीडीएफ मागा आणि ती व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

३. मोबाइलवर ती पीडीएफ दोन बोटांनी खूप मोठी करून बघा. अक्षराची कड स्वच्छ राहिली तर ठीक. पायऱ्या दिसल्या तर आत नुसता फोटोच आहे. फोटो पीडीएफमध्ये घातला म्हणून तो व्हेक्टर होत नाही.

४. खऱ्या मापाचा एक नमुना छापून घ्या. तो गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींना वाचायला द्या. त्यांना तारीख आणि वजन वाचता आलं, तरच बाकीचे छापायला सांगा.

५. पैसे देताना मूळ फाइल मागून घ्या, आणि हे काम देतानाच बोलून ठेवा.

ही पाचवी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिझाइनचे पैसे गट देतो आणि फाइल राहते दुसऱ्याकडे. उद्या दर बदलला, परवाना क्रमांक बदलला, की पुन्हा पहिल्यापासून खर्च. बचतीची वही आपण दुसऱ्याच्या घरी ठेवतो का? मग लेबलची फाइल का ठेवायची? गटाच्या ईमेलवर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर दुसरी, असा ठराव पुढच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या.

त्या धुरकट स्टिकरपैकी एक मी माझ्या डायरीत चिकटवून ठेवलंय. सभा संपल्यावर या, दाखवते. शेजारी नवीनही लावलंय. तीन आणि आठ आता वेगळे दिसतात.