पोस्टकार्डावर खेळलेलं बुद्धिबळ

आज बचतीचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. आज बुद्धिबळाबद्दल बोलायचंय, आणि तेही अशा बुद्धिबळाबद्दल, ज्यात समोर कुणी बसलेलंच नसतं.

बुद्धिबळ म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचं आठवतं. दोघं समोरासमोर, बाजूला घड्याळ, चार-पाच तास मान वर करायची नाही. आपल्या गावातल्या मुलीही शाळेत असताना तालुक्याला जाऊन खेळतात, प्रमाणपत्रं आणतात. लग्न झालं की पट माळ्यावर जातो. डोकं कमी पडतं म्हणून नव्हे. सलग चार तास आणि परगावी चार दिवस आणायचे कुठून, हा प्रश्न असतो. पण याच खेळाचा एक प्रकार असा आहे, ज्यासाठी घराबाहेर पडावं लागत नाही, आणि त्याचीही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते.

हे टपालाने खेळायचं बुद्धिबळ. दोघी दोन देशांत, दोघींच्या घरी पट मांडलेला. एकीने आपली खेळी पोस्टकार्डावर लिहून पाठवायची. दुसरीने ती आपल्या पटावर मांडायची, विचार करायचा आणि उत्तराचं कार्ड टाकायचं. पहिली जागतिक स्पर्धा १९५० ते १९५३ चालली आणि ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी जिंकले. एका स्पर्धेला तीन वर्षं! आणि हे लवकर संपलं म्हणायचं; पुढे काही स्पर्धा सहा-सात वर्षं चालल्या.

आता रशियातल्या बाईचं कार्ड जर्मनीतल्या बाईला कळणार कसं? म्हणून सगळं आकड्यांत. पांढऱ्या सोंगट्यांच्या बाजूने बघायचं. डावीकडून उजवीकडे आठ उभ्या रांगा, १ ते ८. खालून वर आठ आडव्या रांगा, त्याही १ ते ८. आधी उभ्या रांगेचा आकडा, मग आडव्या. राजासमोरचं प्यादं ५२ या घरात असतं. ते दोन घरं पुढे नेलं की ५४. मग कार्डावर लिहायचं ५२५४. झाली खेळी. भाषा कोणतीही असो.

वेळेचा हिशोब तर आपल्या गटातल्या कुठल्याही सचिवताईला आवडेल असा. दहा खेळ्यांना तीस दिवस. कार्ड प्रवासात असतं ते दिवस धरत नाहीत. कार्ड हातात पडलं की तुमचे दिवस सुरू, उत्तरावर पोस्टाचा शिक्का बसला की थांबले. कार्ड कधी मिळालं, उत्तर कधी दिलं, किती दिवस वापरले, हे प्रत्येक वेळी लिहायचं. लवकर उत्तर दिलंत तर वाचलेले दिवस पुढच्या खेळ्यांसाठी शिल्लक राहतात. अवघड जागी ते खर्च करायचे. मला या खेळातलं सगळ्यात हेच आवडलं. दिवसांचीसुद्धा बचत!

बायकांसाठी वेगळी जागतिक स्पर्धा मात्र १९६८ साली सुरू झाली, म्हणजे पहिल्या स्पर्धेनंतर अठरा वर्षांनी. ती १९७२ ला संपली आणि जिंकल्या मॉस्कोच्या ओल्गा रुब्त्सोवा. जन्म १९०९ चा, म्हणजे साठी उलटलेली. पाच लेकरांची आई. तरुणपणी १९२७ साली त्यांनी आपल्या देशातली बायकांची पहिली स्पर्धा जिंकली होती. पुढे १९५६ ला, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, पटावर समोरासमोर बसून त्या जगज्जेत्या झाल्या. तिघींची स्पर्धा होती आणि एलिझावेता बिकोवांपेक्षा त्यांचा फक्त अर्धा गुण जास्त होता. दोन वर्षांनी त्याच बिकोवांनी किताब परत घेतला. तिथे गोष्ट संपली असती, पण टपालाच्या खेळात त्यांनी पुन्हा जग जिंकलं. समोर बसूनही आणि टपालानेही जगज्जेतेपद मिळवणारी व्यक्ती, पुरुष धरूनसुद्धा, दुसरी कुणी झालेली नाही. त्यांची एक मुलगी, एलेना, तीही नावाजलेली खेळाडू.

एक मात्र सांगते. हे सगळं त्यांच्या एकटीच्या जिद्दीवर झालं, असं मी म्हणणार नाही. त्या देशात बुद्धिबळाला सरकारचा मोठा आधार होता आणि त्यांचे यजमान स्वतः या खेळातले जाणकार. घरात पट मांडलेला दिसला की "हे काय रिकामपणाचं" असं कुणी म्हणत नसणार. आपल्याकडे आधी तेच ऐकावं लागतं.

हा खेळ किती संथ, त्याची एक गंमत ऐका. टपालाच्या बुद्धिबळात देशांच्या संघांचंही ऑलिंपियाड असतं. दहाव्या ऑलिंपियाडची अंतिम फेरी १९८७ ला सुरू झाली आणि १९९५ ला संपली. सोन्याचं पदक सोव्हिएत संघाला आणि कांस्यपदक पूर्व जर्मनीला. पण सोव्हिएत संघ १९९१ मध्येच मोडला होता, पूर्व जर्मनी त्याच्याही आधी! देश गेले तरी त्यांचे डाव चालूच होते.

आता कार्डं फारशी कुणी टाकत नाही. २००४ पासून खेळ्या इंटरनेटवरून जातात, आणि कॉम्प्युटरची मदत घ्यायलाही परवानगी आहे. त्यामुळे वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मला विचाराल तर त्यात मजा कमी झाली. पण आपल्याला कुठे जग जिंकायचंय? पट असला, पलीकडच्या गावात एक मैत्रीण असली आणि फोनवर चार आकडे पाठवता आले की झालं. भाकरी थापतानाही पुढची खेळी मनात घोळवता येते.

तर पुढच्या कार्यक्रमापासून आपण एक डाव सुरू करू. गटाच्या बैठकीत पट मांडा, सगळ्या मिळून ठरवा आणि तुमचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून केंद्रावर पाठवा. जी खेळी जास्त गटांनी सुचवली, ती तुमची. उत्तराला सात दिवस. आमची पहिली खेळी ५२५४. काळ्या सोंगट्या तुमच्या.