कर्ली ते गड : कयाकमधून तीन दिवस
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’ हा विषय सुचवला होता. बँकेतला माणूस म्हटलं की दुसरं काय सुचणार! पण त्याऐवजी, डिसेंबरात आपल्या सोसायटीतले आम्ही नऊजण कयाकमधून तीन दिवस फिरून आलो, ते सांगतो. माझं वय त्र्याहत्तर. डॉक्टरांना विचारूनच गेलो होतो आणि दोघांच्या कयाकमध्ये पुढच्या जागेवर बसलो होतो.

आपल्या कसालहून महामार्गाने उत्तरेला गेलं की कणकवलीला गड नदी लागते, दक्षिणेला कुडाळला कर्ली. तिलाच तिथे भंगसाळ म्हणतात. या दोन पुलांवरून जन्मभर एसटीने गेलो, पण नद्या पुढे जातात कुठे ते आता पाहिलं. दोघींची गंमत सारखी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्या वळतात आणि वाळूच्या चिंचोळ्या पट्टीमागून वाहतात. कर्लीच्या पट्टीवर तारकर्ली-देवबाग, गडच्या पट्टीवर तोंडवळी-तळाशील.

पहिल्या दिवशी नेरूरपारकडून देवबागच्या संगमाकडे गेलो. आमचा वाटाड्या मालवणचाच, मच्छीमार घरातला मुलगा. त्याचं घड्याळ म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हिशेब म्हटल्यावर मी लगेच पाठ केला! ओहोटीबरोबर खाली जायचं, भरतीबरोबर परत यायचं. पाण्याशी भांडलात तर हात भरून येतात, हे पोरांना अर्ध्या तासात कळलं.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने समुद्रात जायचं ठरलं होतं. सकाळी जमिनीवरचा मतलई वारा असतो, तेव्हा पाणी शांत. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्याआधी परतायचं. पण त्या दिवशी सकाळपासूनच वारा समुद्राकडून. तो म्हणाला, “काकानू, आज भायर जावचा नाय.” आमच्यातल्या तरुणांनी हुज्जत घातली, पैसे भरलेत म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, “पैशे परत घेवा, पण भायर नाय.” मंडळी, कर्ज नामंजूर करणारा अधिकारी कोणाला आवडत नाही, हे मी चांगलं जाणतो. त्या मुलाला मी मनातून सलाम केला.

मग कोळंबच्या खाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना कांदळवन, चिखलातून वर आलेली श्वासमुळं, आणि आवाज फक्त वल्ह्याचा. यातल्याच पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. माशांची पिल्लं या मुळांच्या आडोशाला वाढतात, आणि तीच पुढे आपल्या ताटात येतात.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा गाभा ३.१८. मासेमारीवर बंधनं येतील या धास्तीने मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध राहिला आहे आणि ती धास्ती खोटी म्हणवत नाही. ज्यांचं पोट समुद्रावर, त्यांना बाजूला सारून समुद्र राखता येणार नाही. माझ्या भाषेत, गाभा म्हणजे मुद्दल. त्याला हात न लावता व्याजावर जगायचं. पण व्याज आधी किनाऱ्यावरच्या घरांत गेलं पाहिजे. वाटाड्याची मजुरी, घरगुती राहणं-जेवण, हे ते व्याज.

तिसऱ्या दिवशी कालावलच्या खाडीत, तळाशीलच्या मागे, मुळांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या. एकीवर कणकवलीच्या दुकानाचं नाव होतं. कसालची पिशवीही ओढ्याओढ्यातून तिथेच पोचत असणार. आपण समुद्रापासून लांब राहतो, हा समज तिथे गळून पडला.

म्हणून समितीला दोन विनंत्या. ओढ्याकडच्या कुंपणालगत कचरा टाकणं आजपासून बंद व्हावं. आणि दर हिवाळ्यात आपली मुलं स्थानिक वाटाड्याबरोबर खाडीत जावीत. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगावर, पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळून, आणि तो “नाय” म्हणाला की नाही.

पुढच्या खेपेला किल्ल्याकडची बाजू राहिलीच आहे. वारा बरा असेल तर मी पुन्हा पुढच्या जागेवर बसेन.