मराठा शिपायाचा चेहरा रंगवताना: रेझिन बस्टवरचा सावळा रंग

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'हे बघा, असं' म्हणत हातानं दाखवलं, ते इथं शब्दांत बसवलंय. बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.

विषय सांगतो. रेझिनचा मिलिटरी बस्ट, म्हणजे सैनिकाचा छातीपर्यंतचा छोटा पुतळा, आणि त्यावर माणसाच्या त्वचेसारखी त्वचा कशी रंगवायची. यावर व्हिडिओ ढिगानं आहेत. पण त्यातला सैनिक बहुतेक वेळा जर्मन, इंग्रज नाहीतर अमेरिकन असतो. माझ्या टेबलावर सध्या आहे तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक, इटली, १९४४. दंडावर दोन फीत, डोक्यावर लोखंडी हेल्मेट. बस्ट कुणा एका माणसाचा नाही. पण तो सातारा, कोल्हापूर, कोकण अशा कुठल्यातरी गावचा आहे एवढं नक्की. त्याच्यासाठी ती व्हिडिओतली रेसिपी चालत नाही. का चालत नाही, आणि मग काय करायचं, हेच आज बोलू.

आधी हा शिपाई कोण ते बघू. मराठा रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ सालची. तिचं केंद्र बेळगावात, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या पलटणी इटलीत लढल्या आणि तिथं दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. एक नाईक यशवंत घाडगे यांना, दुसरा शिपाई नामदेव जाधव यांना. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढं गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन बंद केली. मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता, म्हणून शेवटी बंदुकीच्या दस्त्यानं लढले. नंतर शत्रूच्या स्नायपरनं त्यांना टिपलं. वय २२. त्यांची कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये अंब्रियातल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारकही झालं.

अशा माणसांचे पुतळे आपण धातूचे करतो, त्यामुळे रंगाचा प्रश्नच येत नाही. फोटो काळे-पांढरे. बस्ट रंगवायला घेतला की मात्र सुटका नाही. हा माणूस नेमका कुठल्या रंगाचा होता, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

आणि गंमत बघा, रंगवलेला भारतीय बस्ट आणि इटली यांचं नातं कोल्हापूरला नवीन नाही. आपले छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. जेमतेम विशीतले होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथंच छत्री उभी राहिली. छत्री चार्ल्स मँटची, ज्यानं पुढं आपला न्यू पॅलेस केला तोच. आणि छत्रीखालचा बस्ट चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. तो नुसता पांढरा संगमरवर नाही, रंगवलेला आहे. युरोपातल्या बागेत दीडशे वर्षांपूर्वी एका शिल्पकाराला कोल्हापूरच्या माणसाचा रंग ठरवावा लागला होता. आपण तेच काम छोट्या मापात करतोय.

आता मूळ अडचण. बाजारात 'फ्लेश' नावाची जी बाटली मिळते, तो फिकट गुलाबी-पीच रंग असतो. खडूंच्या पेटीतही तेच होतं. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्याकडं मात्र पोरं अजूनही त्याच खडूला 'स्किन कलर' म्हणतात. मग सावळा सैनिक करायचा तर सोपी युक्ती काय, तर त्या फ्लेशमध्ये काळा किंवा ब्राऊन ओतायचा. निकाल काय येतो? राखाडी, मेलेला चेहरा. गोऱ्या माणसाच्या तोंडावर धूळ बसल्यासारखा. कारण सावळी त्वचा म्हणजे गोऱ्या त्वचेत मिसळलेला काळा नव्हे. तिच्या खालचा रंगच वेगळा असतो, पिवळसर, थोडा हिरवट झाक असलेला, आणि वर तांबूस-तपकिरी. काळा रंग टाकला की तो पिवळा आणि तो तांबडा, दोन्ही मरतात.

म्हणून फ्लेशची बाटली बाजूला ठेवा. तीन रंग काढा: बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन ब्लू. सोबत बर्न्ट अंबर आणि हस्तिदंती पांढरा. सिएना हे नाव इटलीतल्या सिएना शहराच्या मातीवरून आलंय. अंबर हे नाव अंब्रियावरून आलं असंही सांगतात, किंवा सावलीच्या लॅटिन शब्दावरून. म्हणजे आपला शिपाई जिथं लढला, त्याच भागातल्या मातीच्या रंगांतून त्याची त्वचा तयार होते.

सुरुवातीचं मिश्रण: तीन भाग बर्न्ट सिएना, दोन भाग यलो ऑकर, ब्रशच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन. निळा जास्त झाला तर हिरवट दिसेल, मग सिएना वाढवा. हा झाला मधला रंग. सावलीसाठी यात बर्न्ट अंबर आणि अजून थोडा निळा. काळा कुठंच नाही. उजेडासाठी ऑकर वाढवा, आणि अगदी शेवटी थोडासा हस्तिदंती. शुद्ध पांढरा टाकला की चेहऱ्याला पावडर लावल्यासारखं होतं.

हे प्रमाण कोडसारखं कॉपी-पेस्ट करू नका. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मोह कळतो. फोटो घ्यायचा, गालावरचा पिक्सेल निवडायचा, कलर कोड काढायचा, झालं. पण एकाच चेहऱ्यावरचे दहा पिक्सेल घेऊन बघा, दहा वेगळे रंग येतील. त्यात बरेच फोन चेहरा स्वतःहून उजळ करतात, तुम्हाला न विचारता. आमच्या क्षेत्रातही हा प्रश्न उशिरानं लक्षात घेतला गेला. त्वचेची प्रसिद्ध फिट्झपॅट्रिक पट्टी १९७५ ची, आणि ती आधी गोऱ्या त्वचेसाठी होती, गडद प्रकार नंतर जोडले. गुगलनं दहा छटांची मंक पट्टी वापरायला घेतली २०२२ मध्ये. तेव्हा फोनपेक्षा डोळ्यावर विसंबा. लक्ष्मीपुरीत, मार्केट यार्डात, एसटी स्टँडवर जरा उभं राहा. नुसतं बघा, कुणाच्या तोंडासमोर फोन धरू नका. शेतकऱ्याचं कपाळ, गाल, मान, तिन्हींचा रंग वेगळा दिसेल.

आता क्रमानं जाऊ. बस्ट आधी कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्याचं तेलकट राहिलेलं असतं. घासताना पाणी लावून घासा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. मग प्रायमर. आधी सगळीकडं गडद, मग वरच्या बाजूनं फिकट फवारा. दुपारचं ऊन डोक्यावर असल्यासारखा. कुठं उजेड, कुठं सावली, याचा नकाशा तिथंच मिळतो. एक सूचना खास कोल्हापूरसाठी. जुलैच्या पावसात स्प्रे मारू नका. हवेत ओल असली की थर पांढुरका, धुरकट होतो. उघाड पडेल त्या दिवशी मारा.

रंग दुधाएवढा पातळ करा आणि थर अनेक द्या. एका जाड थरापेक्षा सहा पातळ थर बरे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. त्यावर उपाय घरचा आहे. जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, कागदावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला.

मग चेहऱ्याचे तीन पट्टे. पोर्ट्रेट करणारे जुन्या काळापासून हे सांगत आलेत: कपाळ पिवळसर, मधला भाग म्हणजे नाक, गाल, कान तांबूस, आणि जबडा निळसर. आपल्या शिपायालाही हे लागू पडतं, फक्त रंग बदलतात. कपाळावर ऑकर वाढवा. गालावर गुलाबी नको, विटेचा तांबडा घ्या, चहाच्या पाण्याएवढा पातळ करून. जबड्यावर दाढीची झाक काळी नको, निळा आणि अंबर मिसळून. ओठ हा भाग लोक हमखास बिघडवतात. आपले ओठ लिपस्टिकसारखे लाल नसतात. जांभळट-तपकिरी असतात, वरचा ओठ गडद, खालचा थोडा उजळ. डोळ्यांखाली जरा गडद छटा ठेवा. ती आजारपणाची खूण नव्हे, आपल्याकडं ती सर्रास असते. डोळ्याचा पांढरा भागही पांढरा नाही, मळकट हस्तिदंती. आणि वरच्या पापणीखाली एक बारीक गडद रेघ. गंगावेशीत गणपतीचे डोळे आखणाऱ्याला विचारा, सगळा जीव त्या रेघेत असतो.

अजून एक गोष्ट, हेल्मेटची. महिनोन्‌महिने हेल्मेट घालणाऱ्याचं कपाळ वरून उजळ राहतं आणि गाल, नाक रापतं. आपल्या फेटेवाल्या शेतकऱ्याचं होतं तसंच. हेल्मेटच्या कडेखाली एक फिकट पट्टी सोडली की बघणाऱ्याला सांगावं लागत नाही, हा माणूस उन्हात होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोऱ्या चेहऱ्यावर आकार दिसतो तो मुख्यतः सावलीमुळं. सावळ्या चेहऱ्यावर आकार दिसतो तो चमकेमुळं. कपाळाचा उंचवटा, नाकाचं टोक, गालाचं हाड, खालचा ओठ, इथं उजेड परावर्तित होतो, आणि त्यात आभाळाचा थंडपणा असतो. म्हणून शेवटचा ठिपका किंचित निळसर-करडा, आणि अगदी लहान. त्या ठिपक्याच्या बाजूची त्वचा गडदच राहू द्या. उजळ भाग पसरवत गेलात की सगळा चेहरा गोरा होत जातो, आणि आपण कधी गोरा केला ते कळतही नाही.

वॉर्निशचंही तसंच. पूर्ण मॅट वॉर्निश सावळ्या रंगावर खडूसारखं पांढुरकं दिसतं. त्वचेला अर्ध-चमकीचं सॅटिन द्या, डोळ्यांना आणि खालच्या ओठाला ग्लॉस. कपडे हवे तर मॅट. आणि तपासणी ट्यूबलाइटखाली नको. खिडकीशी, सकाळच्या उजेडात करा.

हे सगळं तांत्रिक झालं. पण खरी कसोटी ब्रशची नाही. बस्ट निम्मा झाला होता तेव्हा आत्या बघून गेली. म्हणाली, "चांगला झालाय रे, पण जरा उजळ कर की. शूर माणूस हाय न्हवं." तिचा यात दोष नाही. कॅलेंडरं, पाठ्यपुस्तकातली चित्रं, सिनेमाची पोस्टरं, सगळीकडं आपण वीराला गोरा करत आलोय. पराक्रम आणि गोरेपण हे आपल्या डोळ्यांत एकत्र बसलंय. मी आत्याला एवढंच विचारलं, "आपले आबा कसे होते गं रंगानं?" ती हसली, म्हणाली, "त्यो तर कोळसा हुता." मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच."

तर मंडळी, मुद्दा एवढाच. टायबरच्या काठी जी पोरं पडली, ती माणगावची, नगरची, साताऱ्याची, आपल्या आजूबाजूची होती. त्यांचा चेहरा आपण उजळला, तर शिपाई छान दिसेल, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी होईल. ज्या बापाने शेतातून पोरगं पलटणीत पाठवलं, त्याला ते ओळखू आलं पाहिजे, एवढं माप माझ्यासाठी पुरेसं आहे.

तुमच्या टेबलावर सध्या जो कुणी आहे, त्याच्यासाठी हे मिश्रण करून बघा. आधी जुन्या डब्याच्या झाकणावर, मग बस्टवर. तुमचं प्रमाण वेगळं निघालं तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. पुढच्या वेळी खाकीबद्दल बोलू, कारण तीही एका रंगाची नसते. तोपर्यंत ब्रश धुऊन ठेवा. भेटू.