शहागंजच्या गल्ल्या आणि रस्तेदुरुस्तीचा क्रम : अध्यक्षीय भाषण

जुन्या शहरातल्या राहत्या रस्त्याचे आयुष्य वरच्या थराच्या जाडीपेक्षा कामे कोणत्या क्रमाने झाली यावर जास्त अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात हे उघड दिसते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. त्यातून पुढे वाढलेल्या या शहराची शहागंज ही पेठ. मशीद अठराव्या शतकातली, घड्याळाचा मनोरा निजामी अमदानीतला. चौकाभोवती सराफा, राजाबाजार, चेलीपुरा या वस्त्या दाटलेल्या. खाली दुकान, वर घर, दारात हातगाडी आणि जमिनीखाली वेगवेगळ्या काळात टाकलेल्या नळांचे जाळे. अशा ठिकाणी रस्त्याची दुरुस्ती म्हणजे केवळ डांबराचे किंवा काँक्रीटचे काम नव्हे.

भारतातल्या रस्तेशास्त्राचा पाया घालण्यात मराठी माणसाचा आणि महाराष्ट्राच्या भूमीचा वाटा मोठा आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९२७ मध्ये नेमली गेली, तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली आणि १९४३ च्या नागपूर परिषदेत मुख्य अभियंत्यांनी देशाच्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत प्रतवारी तिथे ठरली. शहराच्या आतली गल्ली मात्र त्या प्रतवारीत नव्हती. त्या वगळण्याची सावली आजही पडलेली आहे : महामार्गाच्या किलोमीटर-किलोमीटरची नोंद मिळते, पण गल्लीची मिळेलच याची खात्री नसते.

महामार्ग झिजतो तो मुख्यतः भाराने. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण सोळापट होते. गल्लीत दुचाकी, रिक्षा आणि हातगाड्यांचा भार नगण्यच. अपवाद टँकरचा. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच पाच टन असते. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टँकर येतो, टँकरमुळे रस्ता दबतो आणि दबलेल्या रस्त्याखालची जुनी जलवाहिनी फुटते. पाणीपुरवठा आणि रस्ते या दोन विभागांच्या फायली वेगळ्या असल्या तरी हे चक्र एकच आहे.

गल्लीचा खरा शत्रू पाणी. डांबर उन्हाने कडक होते, बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी खडीच्या थरात उतरते आणि खालची माती मऊ होते. दख्खनच्या बेसॉल्टवर जिथे मुरूम लागतो तिथे हे निभते. जिथे काळी मातीच आहे, तिथे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा थर उचलून फोडते. शहरात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पण फुटलेली नळजोडणी आणि तुंबलेले चेंबर बारा महिने पाझरतात. म्हणून खड्डा दिसला की आधी त्याच्या आसपासचा नळ तपासायला हवा.

नियोजनाची सुरुवात पाहणीने होते. प्रत्येक गल्लीचे चौकापासून चौकापर्यंत तुकडे पाडून भेगा, खड्डे, चाकोऱ्या, सुटलेली खडी आणि जुने चर नोंदवायचे, त्यांवरून चांगला, मध्यम, वाईट अशी प्रत ठरवायची. यादी तयार झाली की सर्वांत वाईट रस्ता आधी घेण्याचा मोह होतो. लोकांचा रोष तिथेच असतो, नगरसेवकाचा आग्रहही तिथलाच. हा मोह महागात पडतो. पूर्ण खचलेला रस्ता आज केला काय आणि दोन वर्षांनी केला काय, तो मुळापासूनच उकरावा लागतो. मध्यम प्रतीचा रस्ता मात्र या वर्षी भेगा बुजवून, वर पातळ थर देऊन वाचतो. तो सोडला तर दोन-तीन पावसाळ्यांत तोही वाईटांच्या यादीत जातो. निधीचा एक ठराविक हिस्सा मध्यम रस्त्यांसाठी राखून ठेवणे, आणि त्याला हात न लावणे, हाच यावर उपाय. वाईट रस्त्यांवर तोवर खड्डे बुजवून वाट चालती ठेवावी.

क्रमाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो जमिनीखाली. शहराची १६८० कोटी रुपयांची म्हणून मंजूर झालेली नवी पाणीपुरवठा योजना २०२० पासून सुरू आहे. जायकवाडीचे पाणी घरोघरी पोचवायचे तर गल्ली खोदावीच लागणार. त्याआधी केलेला काँक्रीट रस्ता म्हणजे मोडण्यासाठी केलेला रस्ता. जलवाहिनी, ड्रेनेज, वीज, दूरसंचार यांची कामे संपल्याशिवाय त्या गल्लीचा कार्यादेश निघू नये. उद्या येणाऱ्या नळजोडण्यांसाठी ठराविक अंतरावर आडवे रिकामे पाइप आधीच टाकून ठेवावेत. त्यांचा खर्च एका खोदकामाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. चर भरताना माती एकदम ढकलून वर खडी पसरली तर पहिल्याच पावसात खोलगट पट्टा पडतो. भराव वीतभर थरांत, पाणी मारून, धुम्मसने दाबूनच व्हायला हवा.

या शहरात आणखी एक खबरदारी लागते. मलिक अंबरच्या नहरींचे भूमिगत मार्ग जुन्या वस्तीत आहेत आणि जेसीबीच्या बकेटला इतिहास कळत नाही. खोदण्यापूर्वी त्यांचा नकाशा हातात असावा.

पृष्ठभागाबाबत काँक्रीटचा सार्वत्रिक आग्रह तपासून घेण्यासारखा आहे. काँक्रीट टिकते हे खरे. पण जुना थर न काढता त्यावर नवा ओतत गेल्याने रस्ते वर चढले, घरांची जोती खाली गेली आणि पावसाचे पाणी उंबऱ्याआत शिरू लागले. रस्ता करताना जोत्याची पातळी आधी मोजावी, मगच थर ठरवावा. चढलेला रस्ता आधी उकरावा. जिथे पुन्हा खोदकाम अटळ आहे अशा अरुंद बोळांत पेव्हर ब्लॉक अधिक शहाणपणाचे. ते उचलता येतात, खालचे काम होते, तेच पुन्हा बसतात. वाहनांसाठी ८० मिलिमीटर, फक्त पायी वाटेसाठी ६० मिलिमीटर जाडी पुरते. कडेला पक्की किनार नसेल तर मात्र ब्लॉक सरकतात, आणि नेमकी तीच बहुतेकदा टाळली जाते.

पायवाटांचा विचार शेवटी होतो, खरे तर तो आधी व्हावा. शहागंजात सर्वाधिक रहदारी पायांचीच. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा त्यांची जागा आराखड्यात धरूनच पदपथाची रुंदी काढावी लागते. खाम नदीच्या काठाने चालण्याच्या वाटा झाल्या आहेत. त्यांना जुन्या पेठेशी जोडणारा सलग, न अडखळणारा मार्ग आखणे हे येत्या काळाचे काम आहे. नदीकाठच्या वाटेला पाणी मुरू देणारा पृष्ठभाग लागतो.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण अशा चर्चेत हमखास निघते : १९७६ मध्ये झालेला, दहा वर्षांच्या हमीचा आणि त्याहून कितीतरी अधिक टिकलेला रस्ता. त्याचे कौतुक रास्तच आहे, पण गल्लीत तशी हमी मागून भागत नाही. दुसऱ्याच विभागाने रस्ता कापला की गुत्तेदाराची जबाबदारी वादात पडते. म्हणून दोषदायित्वाच्या, म्हणजे हमीच्या, काळात खोदकामाला बंदी, आणि आणीबाणीत खोदावे लागले तर कोणी, कुठे, किती खोल, याची त्याच दिवशी नोंद, या अटी करारात हव्यात.

वेळापत्रकही पावसाच्या हिशेबाने लावावे लागते. पाहणी पावसाळा संपताच ऑक्टोबरमध्ये, कारण तेव्हाच रस्ता आपले दोष लपवू शकत नाही. निविदा डिसेंबरपर्यंत, काम जानेवारी ते मे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, कागद फिरता फिरता मे उजाडतो आणि डांबर पहिल्या सरीत पडते, ही सवय मोडण्याजोगी आहे. महानगरपालिकेने शहागंजच्या प्रत्येक गल्लीची स्वतंत्र नोंदवही याच ऑक्टोबरपासून उघडावी आणि ती नागरिकांना पाहायला खुली ठेवावी, असा ठराव या परिषदेने मंजूर करावा.