जागतिकीकरण आणि शासनयंत्रणा : दाभोळचा धडा



जागतिकीकरण आले की शासनाचे काम घटते, असा समज १९९१ नंतर देशात रूढ झाला. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. सोने गहाण टाकावे लागले आणि औद्योगिक परवान्यांची पद्धत बहुतांशी मोडीत निघाली. परवाना देणारा अधिकारी मागे सरला हे खरे. परंतु त्याच्या जागी परदेशी कंपनीशी बरोबरीने वाटाघाटी करू शकणारा अधिकारी हवा होता. तो यंत्रणेने घडवलाच नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पाने ही उणीव उघडी पाडली. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे प्रतिनिधी भारतात आले आणि काही दिवसांतच सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्याच नाहीत. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे १९९३ मध्ये जागतिक बँकेने कळवले. खुल्या अर्थव्यवस्थेच्या पुरस्कर्त्या संस्थेनेच हा इशारा द्यावा, हे विशेष! तरीही त्याच डिसेंबरात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने २० वर्षांचा खरेदी करार केला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, दर डॉलरशी बांधलेला, मंडळाने थकवल्यास राज्याची हमी, राज्याने थकवल्यास केंद्राची प्रतिहमी आणि वाद उद्भवल्यास लवाद लंडनमध्ये. रुपया घसरला तर त्याचा भार कोणी सोसायचा, हे असे आधीच ठरून गेले होते.

त्याच १९९३ च्या एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. कागदोपत्री सत्ता ग्रामसभेकडे निघाली होती; प्रत्यक्षात वेलदूर-अंजनवेलच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना या व्यवहारात काही स्थान नव्हते. त्यांनी विरोध केला तेव्हा पोलीस पुढे आले. करारातील आकडेमोड सामान्यांना समजेल अशा रीतीने मांडण्याचे काम पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतील अभ्यासकांनी केले. वास्तविक ते मंत्रालयाचे काम होते.

पुढचा घटनाक्रम परिचित आहे. १९९५ मध्ये सत्तांतरानंतर करार रद्द, १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा मान्य, १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू आणि २००१ मध्ये मंडळाला देयके पेलेनाशी झाल्यामुळे बंद. त्या वर्षअखेरीस एन्रॉनचेच दिवाळे निघाले. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने दोष एका पक्षावर वा एका सरकारवर ठेवला नाही; राज्य आणि केंद्र, दोन्हीकडील यंत्रणांच्या अपयशावर तिने बोट ठेवले. हा निष्कर्ष राजकीय आरोपांपेक्षा अधिक गंभीर होता, म्हणूनच कदाचित त्याची चर्चा कमी झाली.

बंद पडलेला प्रकल्प २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. तो पुन्हा उभा करण्यासाठी बोलावण्यात आले ते एनटीपीसी आणि गेल या दोन सरकारी कंपन्यांना.