थायरॉईडचे विकार : एका तपासणीवर विसंबू नये



गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला अवटु अथवा थायरॉईड ग्रंथी म्हणतात. शरीरव्यापारांची गती राखणारे संप्रेरक ती निर्माण करते. गळ्यावर सूज दिसली की ती आयोडीनच्या अभावानेच आली, असा समज आपल्याकडे दृढ आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाने आयोडीनयुक्त मिठाचे महत्त्व पटविले. ते मीठ वापरलेच पाहिजे. परंतु सर्वच थायरॉईड-विकार मिठाने टळत नाहीत.

१९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी झाल्याचे नोंदविले. तिचा अर्थ १९५६ मध्ये लंडनमधील संशोधकांना उमगला. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो.

या विकाराचे रूप स्थिर नसते. ग्रंथीचा नाश होताना साठलेले संप्रेरक एकदम रक्तात उतरले, तर काही काळ छातीत धडधड होते, वजन घटते. पुढे साठा सरतो आणि थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, मंदपणा ही लक्षणे उमटतात. काही स्त्रियांत प्रसूतीनंतरच्या वर्षात हे दोन्ही टप्पे येतात. त्यांतील पुष्कळजणींची ग्रंथी पुन्हा पूर्ववत होते, तथापि काहींना पुढे कायमची न्यूनता जडते. ग्रेव्हज विकारात ग्रंथी अतिरिक्त काम करते; तीही कालांतराने मंदावू शकते.

म्हणून एकदाचा अहवाल हा जन्माचा निर्णय नव्हे. औषधाची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करावी लागते. गर्भारपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते. बरे वाटले म्हणून गोळी आपणहून बंद करू नये. ती उपाशीपोटी घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर राखावे.

बाळंतिणीच्या थकव्याला घरची माणसे आळस म्हणतात. उंची खुंटलेल्या, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरविले जाते. अशा वेळी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. दोष देण्यापूर्वी रक्त तपासले गेले, तर पुष्कळांचे आयुष्य सावरेल.